बियाण्याची पिशवी आणि कायद्याचा प्राध्यापक

मृग जवळ आला की जालन्याच्या बाजारात बियाण्याच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना व दुसऱ्या काठावर नवा; खेड्यातून सरकीच्या पिशव्या न्यावयास आलेल्या शेतकऱ्याच्या लेखी हा भेद नसतो. दुकानात कंपन्यांची नावे अनेक दिसतात. पण बीटी कपाशीच्या पिशव्यांतील तंत्रज्ञान दीर्घकाळ जवळजवळ एकाच घरचे होते. नावे अनेक आणि मालकी एक, अशा बाजाराला स्पर्धेचा बाजार म्हणावयाचे काय, हा प्रश्न कायद्याचा आहे. तो विचारावयास शिकविणे हे कायद्याच्या प्राध्यापकाचे काम होय.

या दृष्टीने लीना खान या अमेरिकन विधिप्राध्यापिकेची कारकीर्द तपासून पाहण्याजोगी आहे. व्यापार व स्पर्धा यांविषयीचा कायदा हा त्यांचा विषय. परंतु कायद्याची पदवी घेण्यापूर्वीच त्यांनी मक्तेदारीचा अभ्यास आरंभिला होता. २०१२ मध्ये ‘वॉशिंग्टन मंथली’ या नियतकालिकात त्यांनी कराराने कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांवर लेख लिहिला. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे. शेड मात्र शेतकऱ्याने कर्ज काढून बांधलेली. परिसरात खरेदीदार एखादाच, त्यामुळे तक्रार केली तर पुढची पिल्ले मिळतील याची शाश्वती नाही. या शेतकऱ्यांची दैना ग्राहकाच्या बिलात कोठेच दिसत नव्हती, कारण दुकानात कोंबडी स्वस्तच होती.

हाच त्यांच्या पुढील विचाराचा पाया ठरला. १८९० च्या शर्मन कायद्यापासून अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायद्याची परंपरा आहे. पण १९७८ मध्ये येल विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक रॉबर्ट बोर्क यांनी असे प्रतिपादिले की, या कायद्याने केवळ ग्राहकाच्या हिताकडे पाहावे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच उरला, की किंमत वाढली नसेल तर कंपनी कितीही मोठी होवो, कायद्याने डोळे मिटावेत. न्यायालयांनी हे मत उचलून धरले. २०१७ मध्ये येलच्याच विधिनियतकालिकात खान यांनी ॲमेझॉनवरील आपल्या प्रबंधातून या मताला आव्हान दिले. बोर्क यांच्या ग्रंथनामातील ‘विरोधाभास’ हा शब्द त्यांनी आपल्या शीर्षकात उलटा फिरविला. माल स्वस्त ठेवूनच बाजार ताब्यात घेता येतो, म्हणून किमतीबरोबर बाजाराची रचना आणि त्यातील परावलंबन पाहिले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता.

पुढे त्या कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करू लागल्या आणि २०२१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या कार्यकाळात आयोगाने २०२२ मध्ये सिंजेंटा व कॉर्टेव्हा या कीटकनाशक कंपन्यांवर, २०२३ मध्ये ॲमेझॉनवर आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रॅक्टर बनविणाऱ्या डीअर कंपनीवर दावे लावले. सर्वच प्रयत्न सफळ झाले नाहीत. नोकरी सोडणाऱ्या कामगाराला प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मनाई करणारी कलमे रद्द करण्याचा २०२४ चा नियम न्यायालयाने काही महिन्यांतच मोडीत काढला, आणि सत्तांतर होताच अध्यक्षपदही गेले. तरीही प्रश्न कोणत्या टोकापासून विचारावा, हे त्यांनी बदलून दाखविले.

आता जालन्याकडे वळू. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको कंपनी स्थापन केली आणि संकरित बियाण्याच्या उद्योगात या गावाचे नाव झाले. पुढे महिको व मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतून बोंडअळीला तोंड देणारे बीटी तंत्रज्ञान आले. २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच देशातील कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी झाले. इतर बियाणे कंपन्या शुल्क भरून तेच तंत्रज्ञान वापरू लागल्या. या शुल्काविरुद्ध आंध्र प्रदेश सरकारने २००६ मध्ये जुन्या मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली. २०१६ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने वर्चस्वाच्या गैरवापराचा प्रथमदर्शनी संशय नोंदवून चौकशीचा आदेश दिला. कंपनीने त्याला आव्हान दिले. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की एकस्वाच्या परवान्यांबाबत पेटंट कायदाच लागू होतो, स्पर्धा आयोगाला तेथे अधिकार नाही.

म्हणजे सात वर्षांनी निकाल लागला तो प्रश्न कोणी विचारावा याचा. बाजार मुक्त होता की नव्हता, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. आरोप सिद्धही झाला नाही आणि कंपनी निर्दोषही ठरली नाही. दरम्यान केंद्र सरकारने किंमत नियंत्रणाच्या आदेशाने हे शुल्क उतरवीत २०२० मध्ये शून्यावर आणले. परंतु तोवर गुलाबी बोंडअळी त्या तंत्रज्ञानाला जुमानीनाशी झाली होती. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने तिचा तडाखा सोसला. औषधाचा गुण संपल्यावर ते स्वस्त झाले, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

संशोधनाचा खर्च भरून निघाला नाही तर नवे वाण काढणार कोण, हा कंपन्यांचा सवाल गैर नाही. पण वाजवी मोबदला किती आणि मक्त्याची वसुली किती, हे ठरविणारे कोणीतरी असलेच पाहिजे. १९६९ चा मक्तेदारी कायदा जाऊन २००२ चा स्पर्धा कायदा आला. संपत्तीचा संचय सर्वसामान्यांना अपायकारक होऊ नये, हे राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदातील तत्त्व मात्र कायम आहे. स्पर्धा कायद्याचे जाणकार कंपन्यांना हवे तेवढे मिळतात, कारण त्या मोबदला देऊ शकतात. सरकीची पिशवी विकत घेणाऱ्याला असा जाणकार परवडत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे स्थान विद्यापीठ हेच आहे. छत्रपती संभाजीनगरात २०१७ पासून राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहे. तेथून जालना दूर नाही. तेथील स्पर्धा कायद्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने वैशाखात या बाजारात येऊन बियाण्याची पावती, परवान्याचे शुल्क आणि उधारीची वही यांचा अभ्यास केला, तर त्याचा प्रबंध निकालपत्रांच्या उताऱ्यांपेक्षा मोलाचा ठरेल. खान यांच्या कारकिर्दीचा आरंभ कोंबडीपालकांच्या कर्जापासून झाला. येथे तो सरकीच्या पिशवीपासून होऊ शकतो.