प्रयोगवहीतील शंभर अंश

पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे, आणि उंचीबरोबर हवेचा दाब घटत जात असल्यामुळे, तेथे शुद्ध पाणी 98 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, व महाबळेश्वरास तर 96 अंशही गाठावे लागत नाहीत. तथापि घाटमाथ्यावरील माध्यमिक शाळांच्या प्रयोगवह्या चाळल्या, तर उत्कलनबिंदूच्या रकान्यात बहुधा 100 हाच आकडा सुवाच्य अक्षरात लिहिलेला आढळतो. तापमापीतील पारा शंभराच्या अलीकडेच स्थिरावल्याचे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते. परंतु गुण मिळतात ते अपेक्षित उत्तराला, हे पक्के ठाऊक असल्याने तो डोळ्यांची साक्ष मुकाट्याने रद्द करतो.

वास्तविक विज्ञानाचा धडा त्या दोन अंशांतच होता. फरक हवेच्या दाबाचा, तापमापीच्या रेखांकनाचा, की डोळा पाऱ्याच्या पातळीत न ठेवता वाचन घेतल्याचा? वितळत्या बर्फात तीच तापमापी शून्य दाखवते काय, हे पाहावे. दुसऱ्या मुलाने दुसऱ्या तापमापीने वाचन घ्यावे. आलेले सर्व आकडे, गैरसोयीचे आकडेसुद्धा, खाडाखोड न करता नोंदवावेत. एवढा खटाटोप केलेल्या मुलाला मापन म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. 1972 साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती व रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांतून जो विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम आरंभिला, आणि ज्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचेही साहाय्य लाभले, त्यात सहावी ते आठवीची मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढीत, आणि परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे. 2002 साली सरकारने तो बंद केला, ही माझ्या मते मोठीच हानी होय.

वर्गातील गर्दी व अभ्यासक्रमाचा बोजा या शिक्षकांच्या तक्रारी रास्त आहेत. म्हणूनच प्रयोगांची संख्या निम्मी करावी, पण जो होईल तो खरा व्हावा. आपल्या राज्य मंडळाने दहावीच्या प्रात्यक्षिकाच्या 20 गुणांपैकी निदान निम्मे गुण पुनःपुन्हा घेतलेल्या वाचनांना व त्यांतील तफावतीच्या मीमांसेला राखून ठेवावेत, आणि 98 लिहिणाऱ्या पुण्याच्या मुलाचा एकही गुण कापू नये, असा स्पष्ट हुकूम परीक्षकांना द्यावा.