माल अस्सल, पेढी कच्ची

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात भारताचा फुटबॉल संघ बांगलादेशाकडून एका गोलने हरला. त्याआधी बांगलादेशाने भारताला हरवले होते ते २००३ साली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिळफाट्यावरच्या एका गॅरेजात टेम्पोच्या कमानपाट्याचे काम करून घेत बसलो होतो. मेस्त्रीचा पंधरा वर्षांचा मुलगा फुटबॉल चांगला खेळतो. तो बापाला विचारत होता, “अब्बा, आपले प्लेअर चांगले आहेत, मग हरतात कसे?” मेस्त्रीने हातातला पाना खाली न ठेवता उत्तर दिले, “प्लेअर चांगले असून काय होते? गॅरेज चांगले लागते.”

फुटबॉलचा विषय धंद्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. कच्चा माल चांगला असूनही धंदा कसा बसतो, याचा इतका ठळक नमुना शोधून सापडणार नाही. आणि तो नमुना व्यापारी व कारागीर बांधवांनी पाहण्यासारखा आहे.

आधी माल अस्सल आहे का ते पाहू. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, तेव्हा अंतिम सामन्यात इराणला हरवून भारताने सुवर्णपदक घेतले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले आणि भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्त्याला दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून पुन्हा सुवर्ण. तेव्हा देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. म्हणजे आपली अंगकाठी लहान, आपला आहार कमी, ही सबब टिकत नाही. लोकसंख्येचा हिशेबही इथे लागू पडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केप व्हर्दे नावाचा बेटांचा देश विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्याची वस्ती सुमारे पाच लाख, तर एकट्या रायगड जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत २६ लाखांवर होती.

मग तेव्हा काय होते, जे आज नाही? तेव्हा उस्ताद होता आणि त्याला काम करायला वेळ मिळाला होता. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. १९५० पासून १९६३ मध्ये कर्करोगाने इंतकाल होईपर्यंत राष्ट्रीय संघाची घडण त्यांच्या हातात होती. त्यांनीच तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. चेंडू पायात घोळवत बसण्याची खोड मोडावी म्हणून रहीमसाहेब पोरांसाठी ड्रिबलिंगला मनाई असलेल्या स्पर्धा घेत. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. त्यानंतर अनवाणी खेळणे बंद होऊन बूट सक्तीचे झाले, आणि चारच वर्षांत तोच देश ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तोटा झाला, चूक शोधली, सुधारली. चांगल्या पेढीची हीच रीत असते. रहीमसाहेब गेले आणि त्यांचे शिक्षण पुढच्या पिढीला देणारी व्यवस्था मागे राहिली नाही. १९७० चे कांस्य हे आशियाई खेळांतले पुरुषांच्या फुटबॉलचे आपले शेवटचे पदक.

पहिली खोट इथेच आहे, उमेदवारी तुटली. एके काळी मुंबईत टाटा, मफतलाल, महिंद्र, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट यांचे संघ असत. खेळाडूला पगाराची नोकरी मिळे. घरची चूल पेटती असल्याने तो संध्याकाळी निश्चिंत मनाने मैदानावर जाई आणि जुन्या खेळाडूशेजारी उभा राहून नवा शिके. एक एक करून हे कारखाने थंडावले. ज्या महिंद्रचे नाव खोपोलीकरांना पोलाद कारखान्यामुळे ठाऊक, त्यांच्या महिंद्र युनायटेड संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तोच संघ बंद झाला. १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात भारताकडून खेळला. त्या पोरांना एकत्र ठेवून मोठ्यांच्या लीगमध्ये खेळवणारा महासंघाचा इंडियन अ‍ॅरोज हा संघही २०२२ मध्ये गुंडाळला गेला. शागिर्द अर्ध्यावर सोडले, तर उद्या कारागीर कुठून आणणार?

दुसरी खोट कोणत्याही कारखानदाराला चटकन समजेल. २०१४ पासून इंडियन सुपर लीग सुरू झाली. पैसा आला, मैदाने चकचकीत झाली, टीव्हीवर सामने दिसू लागले. पण गोल करण्याचे मुख्य काम क्लबांनी परदेशी सेंटर फॉरवर्डवर सोपवले. २०१४ ते २०२५ या काळात एकाही मोसमात लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू भारतीय नव्हता. परदेशी कारागिराबद्दल तक्रार नाही. त्याच्याकडून शिकता येते. पण भट्टीवरचे नाजूक काम कायम त्याच्याच हाती आणि घरचा पोरगा कायम कोळसा भरायला, असे दहा वर्षे चालले तर घरचा पोरगा भट्टी सांभाळणार कधी? परिणाम समोर आहे. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधल्या आशिया चषकात भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. त्या सबंध वर्षात एक सामनाही जिंकता आला नाही. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला वयाच्या चाळिशीत मार्च २०२५ मध्ये परत बोलवावे लागले, आणि त्यानेच येऊन मालदीवविरुद्ध गोल केला. एका म्हाताऱ्या हातावर दुकान चालते, तेव्हा त्या हाताचे कौतुक जरूर करावे. पण मालकाला दोन शब्द विचारावेत.

तिसरी खोट मालकाचीच. ऑगस्ट २०२२ मध्ये कारभारातल्या घोळामुळे ‘फिफा’ने आपल्या महासंघाला निलंबित केले. निलंबन अकरा दिवसांत उठले, पण बाजारात पत गेली ती गेली. जुलै २०२४ मध्ये नेमलेले स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ त्याच वेळी एफसी गोवालाही शिकवत होते. एक उस्ताद दोन कारखान्यांत! वर्षभरात तेही गेले. लीग चालवण्याचा २०१० चा पंधरा वर्षांचा करार, ज्यातून महासंघाला वर्षाला ५० कोटी मिळत, तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. तरी पुढची तजवीज झाली नाही. जुलै २०२५ मध्ये नवा मोसम थांबला, काही क्लबांनी पगार रोखले, निविदा काढली तर एकही बोली आली नाही. लीग सुरू व्हायला फेब्रुवारी २०२६ उजाडला आणि मोसमही तोकडा झाला. दुकानाच्या भाड्याची मुदत संपतेय हे लहानसा टपरीवालाही सहा महिने आधी पाहतो.

अशात ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांच्याकडे संघ आला. मुंबईच्या मैदानांवर तयार झालेला माणूस, ज्याने २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. काही आठवड्यांतच भारताने मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक घेतला. माल अस्सल असल्याचा हा ताजा पुरावा. पण लीग बंद, खेळाडूंना सामने नाहीत. ऑक्टोबरात फातोर्ड्याला सिंगापूरकडून २-१ ने हार झाली आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. जुलै २०२३ मध्ये फिफाच्या यादीत ९९ वा असलेला संघ ढाक्यानंतर १४२ वर आला. उलट उझबेकिस्तान पाहा. त्यांच्या वीस वर्षांखालच्या पोरांनी २०२३ मध्ये आशिया जिंकला, सतरा वर्षांखालच्यांनी २०२५ मध्ये, आणि त्याच वर्षी मोठा संघ प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. पायरीवर पायरी अशी चढतात.

दिल्लीचा महासंघ आपल्या हातात नाही. शिळफाटा मात्र आहे. आपल्याकडे दुकानदार मंडळी खेळासाठी पैसे देत नाहीत असे नाही. एका रात्रीच्या स्पर्धेला चषक देतात, बक्षिसाची रक्कम देतात, फलकावर नाव झळकते. सकाळी मंडप उतरतो आणि पोरे घरी जातात. आठवड्याचा बाजार भरावा तसा हा खेळ. त्यातून कारागीर घडत नाही. तोच पैसा दहा दुकानदारांनी एकत्र करावा. आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवणारा एक माणूस पगारावर ठेवावा, चांगले चेंडू घ्यावेत. कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली ही गावे एकाच लोकलच्या मार्गावर आहेत. दर रविवारी सामने, निदान चार महिने, बारा ते सोळा वर्षांच्या पोरांचे. फलक नसला तरी चालेल, खंड नको.

काम झाल्यावर मेस्त्रीने मला बाजूला घेऊन विचारले, “भाई, याला खेळू द्यावे की गॅरेजात बसवावे?” मी त्याला खोटी आशा दाखवली नाही. आज खोपोलीहून राष्ट्रीय संघाकडे जाणारी शिडी उभी नाही. पोराने शाळा आणि हातातला हुनर सोडू नये, हेच मी सांगितले. आणि रोज संध्याकाळी दोन तास त्याला मैदानावर सोडावे, हेही सांगितले. मेस्त्री म्हणाला, “सोडीन. पण तिथे त्याला शिकवणार कोण?”

त्याला उत्तर द्यायची जबाबदारी आता आपल्यासारख्या दहा दुकानदारांवर आहे.