मानसशास्त्राची पदवी आणि कर्जाचे गणित

बारावीचे निकाल लागले की खाजगी विद्यापीठांच्या जाहिरातींना भरते येते. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन यांच्या जोडीला अलीकडे या जाहिरातींत एका नव्या विषयाने मानाचे स्थान पटकावले आहे, तो म्हणजे मानसशास्त्र. हिरवीगार आवारे, हसतमुख विद्यार्थिनी आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन : देशाला मानसोपचाराची गरज आहे, तुम्ही मानसशास्त्रज्ञ व्हा! गरज आहे हे खरे. मात्र तीन वर्षांच्या पदवीने कोणी मानसशास्त्रज्ञ होत नाही, हे त्या जाहिरातीत कोठेही छापलेले नसते. अशा अर्धसत्यानंतर युधिष्ठिराचा रथ जमिनीला टेकला होता. शिक्षणसम्राटांचे रथ मात्र अजून चार अंगुळे वरूनच चालले आहेत.

विषयाच्या महत्त्वाबद्दल वाद नाही. ज्या महाराष्ट्रात आप्पा पेंडसे यांच्यासारख्या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने १९६२मध्ये ज्ञानप्रबोधिनी उभी केली, तेथे या शास्त्राला हलके लेखण्याचे कारणच नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, हेही त्याच सर्वेक्षणाने दाखवून दिले. परंतु समाजाची गरज निराळी आणि त्या गरजेच्या नावाने विकला जाणारा माल निराळा. दुष्काळात पाण्याची गरज असते, म्हणून रिकामे हंडे विकणाऱ्याला कोणी जलदाता म्हणत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ कोणाला म्हणावे याची व्याख्या केली आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली चिकित्सा मानसशास्त्रातील अर्हता लागते. आजवरचा रुळलेला मार्ग म्हणजे पदवी, त्यावर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर रुग्णालयात प्रत्यक्ष देखरेखीखाली दोन वर्षांची एम.फिल. एकूण सात वर्षे. परिषदेकडे नोंदणी नसताना हा व्यवसाय करणाऱ्यास १९९२च्या अधिनियमात एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. ‘निम्हान्स’ किंवा रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था यांसारख्या ठिकाणच्या जागा मोजक्या, आणि त्यांसाठीची स्पर्धा तीव्र. त्यातच २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. चिकित्सा मानसशास्त्रापुरती तिला मुदतवाढ मिळाली, तीही २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंतच. ज्या शिडीच्या वरच्या पायऱ्या अशा हलत आहेत, तिच्या पहिल्या पायरीसाठी लाखो रुपये उकळण्याचे काम मात्र जोरात चालू आहे.

आता हिशेब. एखाद्या खाजगी विद्यापीठाचे शुल्क वर्षाला दोन लाख रुपये आहे असे धरू. वसतिगृह, जेवण, पुस्तके यांचा खर्च वडील पगारातून भागवतात आणि तीन वर्षांचे सहा लाख रुपये बँकेकडून घेतले जातात. शिक्षणाची तीन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, हे बँकेतील अधिकारी आवर्जून सांगतो. व्याजाचे मीटर पहिल्या दिवसापासून चालू असते, हे तो खालच्या आवाजात सांगतो. दहा टक्के सरळव्याजाने पहिल्या दोन लाखांवर चार वर्षांचे ऐंशी हजार, दुसऱ्या दोन लाखांवर साठ हजार, तिसऱ्यांवर चाळीस हजार. पहिला हप्ता भरण्यापूर्वीच सहा लाखांचे सात लाख ऐंशी हजार झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे १०,३०० रुपये, आणि एकूण परतफेड बारा लाखांहून अधिक.

दुसऱ्या बाजूला मिळकत. केवळ बी.ए. मानसशास्त्र झालेल्या मुलीला कोणती कामे मिळतात? एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात उमेदवारांना फोन करण्याचे, एखाद्या शाळेत सहायिकेचे, ग्राहकसेवा केंद्रात बोलण्याचे, एखाद्या स्वयंसेवी प्रकल्पात सर्वेक्षणाचे. यांतील बहुतेक कामे कोणत्याही शाखेच्या पदवीधराला मिळतात. पगार महिना वीस हजार धरला तरी निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यात जाते. उरलेल्या दहा हजारांत पुण्या-मुंबईत राहून पदव्युत्तर शिक्षण घेणे कसे जमावे? त्यासाठी दुसरे कर्ज काढावे, असा सल्ला देणारेही भेटतात.

शिवाय हे कर्ज मुलीच्या एकटीच्या नावावर नसते. वडील सहकर्जदार असतात. मुलगी अठराची असताना ते अठ्ठेचाळीस वर्षांचे असले तर पहिला हप्ता बावन्नाव्या वर्षी आणि शेवटचा बासष्टाव्या वर्षी. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय अठ्ठावन्न आहे. म्हणजे निवृत्तिवेतनाची चार वर्षेही एका पदवीच्या नावे लिहून दिलेली. या व्यवहारात जोखीम कोणाची, हेही तपासण्याजोगे आहे. विद्यापीठाला शुल्क आगाऊ मिळते. साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जासाठी २०१५पासून सरकारी हमी निधी आहे, त्यामुळे कर्ज बुडाले तरी बँकेचे बरेचसे नुकसान भरून निघते. उरते ते फक्त कुटुंब.

संतापजनक बाब अशी की, हीच पदवी शहरातील अनुदानित महाविद्यालयात वर्षाला काही हजार रुपयांत मिळते. पदव्युत्तर प्रवेशाच्या दारात दोन्ही पदव्यांचे मोल सारखेच. परंतु अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या, तासिका तत्त्वावर कारभार रेटायचा आणि पालकाने निराश होऊन खाजगी विद्यापीठाची पायरी चढली की त्याला ‘निवडीचे स्वातंत्र्य’ म्हणायचे, ही रीत एका पक्षाच्या सरकारपुरती मर्यादित राहिलेली नाही. राज्यातील शुल्क नियामक प्राधिकरण व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. कला शाखेची पदवी त्याच्या कक्षेत येत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो : विद्येचे मोल पैशात करू नये. उत्तम! मग ते आधी विद्यापीठाने करू नये. शुल्क घेताना बाजाराचा नियम आणि जाब विचारला की गुरुकुलाची भाषा, हा दुटप्पीपणा कशासाठी? आपल्याकडे अध्ययनाने ऋषिऋण फिटते असे मानले गेले. येथे अध्ययनानेच सावकारी ऋण वाढते आहे. मनाचा अभ्यास करण्याची खरी ओढ ज्या मुलीला आहे, तिने तो अवश्य करावा. पण कमी खर्चाच्या महाविद्यालयात करावा आणि वाचलेला पैसा पुढच्या, खऱ्या प्रशिक्षणाच्या चार वर्षांसाठी राखून ठेवावा. मुलीचे लग्न जमेपर्यंत एखादी ‘सोपी’ पदवी, या विचाराने कर्ज काढणाऱ्या पालकांबद्दल तर न बोललेलेच बरे.

कर्ज काढून पदवी घेण्याची ही प्रथा ज्या अमेरिकेत पराकोटीला गेली, तेथे काय घडले? तेथे दरवर्षी लाखाहून अधिक विद्यार्थी मानसशास्त्राची पदवी घेतात, आणि ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणून परवाना मिळवण्यासाठी जवळजवळ सर्वच राज्यांत डॉक्टरेट लागते. त्या देशातील विद्यार्थ्यांच्या डोक्यावर सर्व विषय मिळून केवळ संघराज्य सरकारचे दीड लाख कोटी डॉलरहून अधिक कर्ज चढले. तेव्हा कोठे शहाणपण सुचले. २०१५मध्ये सरकारने ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ लोकांसमोर ठेवले आणि २०१९पासून त्यात अभ्यासक्रमवार कर्ज व मिळकत यांचे आकडे येऊ लागले. २०२५च्या कायद्याने तर पुढचे पाऊल टाकले. ज्या अभ्यासक्रमाचे पदवीधर केवळ शालान्त शिक्षण झालेल्या तरुणांपेक्षाही कमी कमावतात आणि तीन वर्षांपैकी दोन वर्षे हेच घडते, त्या अभ्यासक्रमासाठी सरकारी कर्ज बंद. १ जुलै २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. अमेरिकेचे अंधानुकरण करणाऱ्या येथील विद्यापीठांनी तिकडचे शुल्क आणि इमारती तेवढ्या उचलल्या, हिशेब तेवढा उचलला नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय मानांकनासाठी संस्था पदवीधरांच्या पगाराचा आकडा देतात, पण नोकरी मिळालेल्यांचाच, आणि विषयवार नव्हे. संगणकशास्त्राच्या पगाराच्या सावलीत मानसशास्त्राचा पगार सहज झाकला जातो. म्हणून मागणी साधी आहे. प्रवेशअर्जासोबत प्रत्येक अभ्यासक्रमाचे एक पान जोडले जावे : किती विद्यार्थी दाखल झाले, किती उत्तीर्ण झाले, एका व तीन वर्षांनंतर त्यांची मिळकत किती, सरासरी कर्ज किती, आणि मानसशास्त्राच्या बाबतीत पुनर्वास परिषदेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात किती जणांना प्रवेश मिळाला. त्या पानावर पालकाची सही असल्याखेरीज बँकेने कर्ज मंजूर करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली. नोकरी सांभाळून स्वस्तात शिकणाऱ्यांचा रस्ता बंद करणारा तो आदेश निघू शकला. लाखांचे शुल्क घेणाऱ्यांना हे एक पान छापायला लावणारा आदेशही त्याच कार्यालयातून निघू शकतो.