किल्ल्या कोणाच्या कनवटीला?

संघटनेची सभासदयादी, शिबिरांची टिपणे, संपकाळातला पत्रव्यवहार हे सारे एखाद्या बलाढ्य परदेशी कंपनीच्या संगणकावर फुकट ठेवावयास मिळत असेल, तर त्यात वावगे काय, असा प्रश्न पुरोगामी वर्तुळातही आता निःसंकोचपणे विचारला जातो. मालकाने दिलेल्या खोलीत राहणाऱ्या कामगाराची संपाच्या दिवशी कोणती कोंडी होते, हे ज्यांना सांगावे लागत नाही, त्यांनाच ई-मेलच्या बाबतीत तेच सत्य उमगू नये, ही खेदाची गोष्ट आहे. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. अवघड प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे, आणि तो मक्तेदारीला नकार देऊन जे स्वतःची सहकारी व्यवस्था उभी करतात त्यांच्यासाठी आहे.

असे प्रयत्न जगात झाले आहेत आणि टिकलेही आहेत. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे १९९९ साली ‘राइझअप’, इटलीत २००१ साली ‘ऑटिस्टिची-इन्व्हेंटाटी’, २००५ साली न्यूयॉर्कमध्ये ‘मे फर्स्ट’ अशी मंडळे स्थापन झाली. यांपैकी ‘मे फर्स्ट’ ही रीतसर सभासदांची संस्था. अमेरिका आणि मेक्सिको या दोन्ही देशांतील संघटना तिच्या सभासद आहेत, आणि तिचा कारभार इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांत चालतो. कामाचे स्वरूप थोडक्यात असे: वर्गणी किंवा देणग्या गोळा करावयाच्या, रात्रंदिवस चालू राहणारे संगणक, म्हणजे सर्व्हर, विकत किंवा भाड्याने घ्यावयाचे, ते डेटा सेंटरमध्ये ठेवावयाचे, आणि त्यांवर अनेक संघटनांची संकेतस्थळे, टपाल व याद्या एकत्र नांदवावयाच्या.

येथवर सारे सुरळीत आहे. भाबडेपणा सुरू होतो तो यानंतर. यंत्र मालकीचे झाले, म्हणजे व्यवस्था सहकारी झाली, असे मानले जाते. प्रत्येक सर्व्हरवर ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी असतो. तो ज्याच्या हाती, त्याला साध्या रीतीने साठवलेले कोणाचेही पत्र उघडता येते, कोणाचीही फाइल पुसून टाकता येते, आणि आपण काय केले याची त्या यंत्रावरची नोंदही पुसता येते. संस्थेच्या घटनेतील कोणतेही कलम या अधिकाराला आपोआप बांधत नाही. सभासदांची संख्या पाचशे असो की पाच हजार. रूटचा पासवर्ड एकाच्याच डोक्यात असेल, तर ती संस्था सहकारी नव्हे, ते एका सज्जन माणसाचे संस्थान होय.

हा सज्जन बहुधा तरुण असतो, हुशार असतो, निरलस असतो. त्याने रात्री जागून सर्व्हर उभा केलेला असतो. डोमेनची नोंदणी त्याच्या नावावर, मासिक बिल त्याच्या कार्डावर, बॅकअप त्याच्या घरातील कपाटात. वार्षिक सभेत त्याच्या आभाराचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो आणि मंडळी जेवावयास उठतात. पुढे त्याला नोकरी लागते, आजारपण येते किंवा मतभेद होतात. सर्व्हर मात्र चालूच राहतो, आणि त्यामुळेच फसगत होते. एके दिवशी डिस्क निकामी होते किंवा डोमेनची मुदत संपते, तेव्हा कोठे कळते की संस्थेच्या हाती काहीच नव्हते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. १९५० साली प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने जी वाट दाखविली, तिच्यावरून पुढे शेकडो संस्था चालल्या. त्यांपैकी कितींचे निर्णय भागधारकांच्या सभेत झाले आणि कितींचे एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, याचा हिशेब येथे नव्याने मांडण्याची गरज नाही. तेथे निदान लेखापरीक्षण होते, निवडणूक होती, निबंधकाकडे तक्रार तरी करता येत होती. संगणकावरच्या सत्तेला यांपैकी एकही लगाम आपण होऊन लागत नाही; तो कार्यकर्त्यांनीच घालावा लागतो.

“किल्ल्या अनेकांच्या हाती दिल्या तर सुरक्षितता धोक्यात येते,” असा आक्षेप तंत्रज्ञांकडून येतो. इटलीतील अनुभव या आक्षेपापेक्षा अधिक बोलका आहे. २००४ च्या जूनमध्ये ‘ऑटिस्टिची’चा सर्व्हर एका व्यापारी कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये होता. कोणा एकाच टपालपेटीच्या चौकशीसाठी पोलिसांनी तेथे जाऊन, कंपनीच्या सहकार्याने, यंत्रातील मजकुराची व सांकेतिक लेखनाच्या किल्लीची नक्कल केली. मंडळाला सांगण्यात आले की विजेत बिघाड झाला होता. खरा प्रकार उघड व्हावयास २००५ चा जून उजाडला. वर्षभर सर्वांच्याच पत्रांवर पाळत ठेवण्याची सोय एका छाप्याने झाली होती. त्यानंतर मंडळाने आपली सारी रचना बदलली: निरनिराळ्या देशांत विखुरलेले सर्व्हर, सांकेतिक रूपात साठविलेल्या डिस्का, आणि या योजनेचे तांत्रिक विवरण कोणालाही वाचता येईल असे जाहीर. किल्ली एकाच ठिकाणी असली म्हणजे ती सुरक्षित असते असे नव्हे. हिसकावणाऱ्याला ती सोपी जाते, एवढेच.

२०१२ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे हेच घडले. पिट्सबर्ग विद्यापीठाला बॉम्बच्या धमक्या येत होत्या. त्या ज्या निनावी टपालसेवेतून गेल्या तिचा सर्व्हर ‘राइझअप’ आणि ‘मे फर्स्ट’ यांच्या सामाईक जागेत होता. अमेरिकन तपासयंत्रणेने तो उचलून नेला. त्या सेवेत नोंदी ठेवल्याच जात नव्हत्या, त्यामुळे तपासाला उपयोग होण्याचा संभव नव्हता. पण त्याच यंत्रावरच्या, धमक्यांशी सुतराम संबंध नसलेल्या अनेकांचे टपाल मात्र बंद पडले. काही दिवसांनी यंत्र गुपचूप जागेवर आणून ठेवण्यात आले. सामाईक सर्व्हर म्हणजे सामाईक संकट, हे त्या सभासदांना असे कळले.

आणखी एक प्रसंग कटू आहे, म्हणूनच सांगावयास हवा. न्यायालयीन आदेशानुसार दोन खात्यांची माहिती आपणांस द्यावी लागली, असे ‘राइझअप’ने २०१७ साली जाहीर केले. ती खाती खंडणीखोरीशी संबंधित होती, त्यामुळे त्यांच्याविषयी कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. प्रश्न तत्त्वाचा होता: जे प्रशासकाला वाचता येते, ते त्याच्याकडून मागताही येते. त्यावर मंडळाने काढलेला मार्ग असा की नव्या सभासदांचे टपाल त्यांच्याच पासवर्डाने बंदिस्त व्हावे, म्हणजे साठविलेली पत्रे प्रशासकालाही उघडता येऊ नयेत. चांगल्या माणसावर विसंबण्याऐवजी त्याच्या हातची सत्ताच कमी करण्याचा हा मार्ग होय.

सत्ता वाटून घेणे हे रोजच्या कामात कसे उतरते? रूटचा एकच पासवर्ड सर्वांनी वापरू नये. प्रत्येक प्रशासकाची किल्ली वेगळी असावी, म्हणजे एक जण गेला की त्याची तेवढी किल्ली रद्द करता येते. कृतीची नोंद दुसऱ्याच यंत्रावर जावी. सर्व्हरची मांडणी स्मरणात न राहता लेखी फाइलींत असावी, म्हणजे तो जळून गेला तरी तिसऱ्याला तो पुन्हा उभारता येईल. बॅकअप दुसऱ्या गावी असावा, आणि तो परत उतरवून पाहण्याची तालीम वर्षातून दोनदा तरी व्हावी. कारण कधीही उतरवून न पाहिलेला बॅकअप ही केवळ एक समजूत असते.

हे सारे श्रम आहेत, आणि येथे समाजवाद्यांनी स्वतःलाच खडसावले पाहिजे. एका सभासद संघटनेचे दुर्लक्षित संकेतस्थळ कोणीतरी फोडते, त्यातून रातोरात हजारो कचरापत्रे सुटतात, मोठ्या कंपन्या त्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत टाकतात, आणि निरपराध सभासदांची पत्रे परत येऊ लागतात. मग कोणीतरी पहाटे तीनला उठून ते निस्तरतो. त्याला ‘सेवाभाव’ म्हणून मोकळे होणारे लोक गिरणीतल्या जादा तासांचा मोबदला मात्र पैनपै मोजतात! यंत्र उभारणाऱ्याचे निदान नाव तरी होते. सभासदांच्या त्याच त्या शंकांना शांतपणे उत्तरे लिहिणाऱ्याचे श्रम तर कोणाच्या खिजगणतीतही नसतात. पाळीपाळीने काम, शिकाऊंची जोडी आणि शक्य तेथे वेतन, ही खैरात नव्हे, देणे आहे.

फ्रान्समधील ‘फ्रामासॉफ्ट’ या संस्थेने २०१६ साली लहान यजमानांचा ‘शाताँ’ नावाचा संघ उभारण्यास चालना दिली (फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ मांजराची पिल्ले). लोकांनी मात्र सोयीसाठी फ्रामासॉफ्टकडेच गर्दी केली. तेव्हा २०१९ साली तिने आपल्याच अनेक सेवा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले, जेणेकरून लोक लहान यजमानांकडे जातील. वाढीच्या आकड्यांनी हुरळून जाणाऱ्या सहकारमहर्षींना हा निर्णय वेडेपणाचा वाटेल.

वार्षिक सभेपुढे जमाखर्च येतोच. त्याच्या शेजारी आणखी एक कागद यावा: किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, डोमेन कोणाच्या नावावर आहे, बॅकअप शेवटचा केव्हा उतरवून पाहिला, रात्रीच्या कामाचे तास कोणी किती भरले. ज्या संस्थेला हा कागद तासाभरात लिहिता येत नाही, तिने तो लिहून होईपर्यंत नवे सभासद घेऊ नयेत.