माशी आणि सही

परवा नातवाने माझ्यापुढे एक डबी उघडून ठेवली. आत बारा माश्या होत्या, माणसाने बांधलेल्या. सुट्टीत तो हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जाणार आहे. ब्रिटिशांनी आपल्याकडे आणलेला हा थंड पाण्यातला मासा किडे खातो. म्हणून गळाच्या आकड्यावर दोरा आणि पिसे गुंडाळून त्याच्यासाठी बनावट माशी करतात. डबीतल्या सहा माश्यांना पारदर्शक पंख, सहा पाय, डोळेसुद्धा होते. उरलेल्या सहा म्हणजे नुसता काळा दोरा आणि कोंबडीचे पीस.

"आजोबा, आणखी कुठल्या घेऊ? खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चौपट महाग आहेत."

नेरळला उल्हासच्या काठी गळ टाकून बसणारा म्हातारा म्हणून त्याने मला विचारले. हा वाद मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. स्कॉटलंडच्या स्ट्युअर्टने 1857 साली लिहिले, की मोजक्या साध्या माश्या पुरतात. पुढे 1886 मध्ये इंग्लंडच्या हॅलफर्डने पाण्यावरच्या किड्याची हुबेहूब नक्कल करण्याचा आग्रह धरला. 1910 मध्ये स्क्यूजने दाखवले, की ट्राउट पाण्याखालची, पंख न फुटलेली पिल्लेही खातो. तेव्हा वर कितीही सुंदर माशी तरंगत ठेवली तरी उपयोग नाही.

माझे मत साध्या माशीच्या बाजूचे आहे. मासा खालून, उजेडाकडे पाहतो. त्याला दिसतो तो आकार आणि हालचाल. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर काही जण वर्षभर एकच माशी वापरतात. तिचे उलटे बांधलेले पीस प्रवाहात मिटते, उघडते. आमच्या उल्हासच्या काठी उंबर पिकला की फळे पाण्यात पडतात. मी टाकतो ती कणकेची गोळी उंबरासारखी मुळीच दिसत नाही. फक्त तशीच टपकन पडते. मासे तेवढ्यावर येतात.

हे मला नदीने शिकवले, पण त्याआधी एका चेकने शिकवले होते. बँकेत असताना एका निवृत्त मास्तरांचा चेक मी परत केला, कारण सही नमुना कार्डाशी जुळत नव्हती. दोन दिवसांनी त्यांच्याच खात्यावरचा दुसरा चेक आला. सही रेघ न् रेघ जुळली. मी पास केला. पहिली सही खरी होती, मास्तरांचा हात आता कापत होता. दुसरी कुणीतरी कार्डावरच्या जुन्या सहीसारखी सावकाश गिरवलेली होती. पुढे पैसे मिळाले, पण औषधाच्या दुकानात त्यांची झालेली शोभा कुणी भरून देऊ शकले नाही. त्यानंतर मी अक्षराच्या वळणाबरोबर हाताचा वेगही पाहू लागलो. गिरवणाऱ्याची रेघ जपून चालते, थांबते. खरी सही कापरी असली तरी वाहते.

हॅलफर्ड चुकला, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या नद्या संथ आणि नितळ होत्या. तिथे माशाला निरखायला वेळ मिळतो, आणि माशीचे माप व रंग चुकले तर तो तोंड फिरवतो. पण माप आणि रंग साध्या माशीलाही देता येतात. डोळे आणि सहा पाय बहुधा गिऱ्हाइकासाठी असतात.

नातवाला हे पटले नाही. मग आम्ही अंगणात पाण्याची बादली ठेवली. महागडी माशी दोऱ्याने ओढली, तर ती ताठ राहून गरगर फिरली. साधी ओढली, तर पीस मिटले. थांबलो, तर उघडले.

"ही जिवंत वाटते," तो म्हणाला.

साध्या माश्या तीन मापांत घ्यायचे ठरले. संथ डोहासाठी दोन महागड्या, त्याच्या समाधानासाठी. मग त्याने विचारले, "मास्तरांचं पुढे काय झालं?"

मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली आणि नवीन नमुना कार्ड पुढे ठेवले. या वेळी ते सही करत असताना मी कागदाकडे नव्हे, त्यांच्या हाताकडे पाहत होतो.