पाच वर्षांची अट आणि पहिले वर्ष

जन्मतः कर्णबधिर असलेल्या बालकांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळावे म्हणून केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ मध्ये तरतूद झाली. एका बालकामागे तेव्हा कमाल ६ लाख रुपये, आणि वयाची मर्यादा ५ वर्षे. सरकारी योजनेतील शेवटची मुदत हीच योग्य वेळ समजण्याची आपल्याकडील सवय जुनी आहे. परंतु येथे त्या सवयीची किंमत मूल मोजते.

याचे कारण यंत्राच्या स्वरूपातच आहे. इम्प्लांट बधिर कान बरा करीत नाही. आतल्या कानातील शंखाकृती पोकळीत बसविलेली विद्युदग्रांची माळ श्रवणमज्जेला थेट संकेत देते. त्या संकेतांतून शब्द ओळखण्याचे काम मेंदूलाच शिकावे लागते, आणि हे शिकण्याचे वय फार लवकर ओसरते. अनू शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट बसलेल्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद बहुतांशी वयानुरूप आढळला. सात वर्षांनंतर बसलेल्यांपैकी बहुतेकांचा आढळला नाही. त्या देशात १९९० मध्ये २ वर्षे असलेले किमान वय २००० मध्ये १२ महिन्यांवर आणि २०२० मध्ये ९ महिन्यांवर आले. तेथे किमान वय खाली येत असताना आपल्याकडे चर्चा चालते ती कमाल वयाची.

मुळशी तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पूर्व टोकाला हिंजवडीची संगणकनगरी, पश्चिमेला धरणाच्या जलाशयापलीकडे ताम्हिणी घाटाकडची विरळ वस्ती. हिंजवडीच्या सुस्थित घरात शंका आणि तपासणी यांत फारसे अंतर पडत नाही. वाडीवरच्या घरात मुलामागे थाळी वाजविली आणि ते वळले, की शंका मिटते. ते हादऱ्याने किंवा सावलीने वळलेले असू शकते. ‘बापही उशिराच बोलला होता’ हा दिलासा मग दोन वर्षे पुरतो. त्यानंतर ‘बेरा’ चाचणी, श्रवणयंत्राचा काही महिन्यांचा अनुभव, दाखले, अर्ज. तोवर मूल पाचव्या वर्षात गेलेले असते.

पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय, असा दंडक जगभर मान्य आहे. झोपलेल्या तान्ह्या बाळाची प्राथमिक श्रवणचाचणी काही मिनिटांत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत २०१३ पासून जन्मजात बधिरता आहेच. तेव्हा जेथे बाळंतपण होते तेथेच, मग ते पौडचे ग्रामीण रुग्णालय असो वा खासगी सूतिकागृह, ही चाचणी झाल्याविना बाळ घरी जाऊ नये, एवढाच नियम पाच वर्षांच्या अटीपेक्षा अधिक काम करील.

अर्थात लवकर म्हणजे आंधळेपणाने नव्हे. श्रवणयंत्राने भागते का आणि श्रवणमज्जा शाबूत आहे का, हे पाहावेच लागते. मेंदूज्वरानंतर आलेल्या बधिरतेत मात्र आतल्या कानात हाड वाढू लागते, म्हणून तेथे आठवडेही मोलाचे. शस्त्रक्रियेनंतर यंत्राची जुळवणी आणि वाक्‌उपचार वर्षानुवर्षे चालतात. मजुरी बुडवून, मुसळधार पावसात, आईने पुण्याच्या किती खेपा घालाव्यात?

उरतो तो साडेचार वर्षांचा, आजवर कोणतीही भाषा न मिळालेला मुलगा. मुदत संपत आली एवढ्याच कारणाने त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणे हा न्याय नव्हे. त्याच्या पालकांना अपेक्षित फळ किती मर्यादित असेल ते स्पष्ट सांगितले पाहिजे. खुणांची भाषा शिकविली तर बोलणे मागे पडते, ही भीती अनेक शिक्षकही बाळगतात. तिच्यापायी मुले घरात मुकी बसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला स्थान दिले आहे. इम्प्लांट होवो न होवो, ती अंगणवाडीपासून मिळावी; आणि आठवड्यातून एक दिवस तरी वाक्‌उपचारतज्ज्ञ पौडला बसावा.