चुकीचा हुकूम आणि कोडगूची झाडं

बंगळुरूला पोस्टिंग झाल्यापासून एक वाक्य वारंवार ऐकतोय: ‘लोकसंख्या वाढली, म्हणून जंगल गेलं.’ सोयीचं निदान आहे. त्यात कोणीच दोषी ठरत नाही.

जनरल करिअप्पा आणि थिमय्यांचं कोडगू बघा. तिथली कॉफी पूर्वापार देशी झाडांच्या सावलीत वाढली. पण अनेक जमिनींवर या झाडांचा हक्क मळेवाल्याकडे नाही, सरकारकडे आहे. ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओक मात्र सहज तोडून विकता येतो. तो भराभर वाढतो, मिरीचा वेलही पेलतो. मग मळेवाला काय लावणार? झाड वाचवायला केलेल्या नियमानेच देशी झाड नकोसं केलं. अशा वेळी मळेवाल्याला दोष देणं म्हणजे चुकीच्या हुकमाची शिक्षा जवानाला देणं.

हक्क दिला तर उद्याच कुऱ्हाड चालवतील, असं म्हणाल. म्हणून हक्कासोबत झाड उभं ठेवण्याचा मोबदलाही द्या. तो या शहराने द्यावा. कोडगूत उगम पावणारी कावेरी शंभरेक किलोमीटरवरून पंपाने चढवून आपण पितो. बिलात पंपाची वीज धरतो, डोंगरावरचं झाड धरत नाही.